पिकअपचं पुढचं काम : अक्कलकोट रोडच्या अप्पांचं गॅरेज

सोलापुरात कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा, पुढचं काम, म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे आणि सस्पेन्शन, किती टिकतं. तो म्हणेल, "टिकतंय की, एक सीझन." कांदा संपला की लोअर आर्मची (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याची) बुशं, बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळ्याचा सांधा), टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक), पुढच्या कांद्याला परत तेच. रस्ते असले, माल असला, मग गाडी काय टिकणार, असं एकदा ठरलं की कुणी पुढे चौकशीही करत नाही. अक्कलकोट रोडच्या या गॅरेजात काम करून घेतल्यापासून मी मात्र वेगळं सांगतो. पुढचं काम लवकर जातं ते बऱ्याचदा बसवतानाच बिघडवलेलं असतं म्हणून. रस्ता फक्त उरलेलं काम करतो.

माझ्याकडे दोन पिकअप आहेत. एमआयडीसीतून सुताच्या पेट्या आणि टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवायच्या, हंगामात मोहोळ आणि दक्षिण सोलापूरकडचा कांदा मार्केट यार्डात आणायचा, हा धंदा. एक गाडी मी स्वतः चालवतो, ती दीड टनी, सेकंडहँड घेतलेली, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई). दुसरीवर ड्रायव्हर आहे. ती जुन्या पद्धतीची, पुढे अख्खा ॲक्सल आणि पाटे. कंपन्यांची नावं लिहीत नाही. दोष कंपनीचा होता असं मला वाटतही नाही.

माझ्या गाडीचं दुखणं सगळ्यांना ओळखीचं असेल. लहान खड्ड्यात डावीकडून टक् असा आवाज. मोठ्या खड्ड्यात नाही, लहानच. सत्तरच्या पुढे स्टेअरिंगला थरथर. ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढणार. आणि डाव्या टायरची आतली कड साफ गुळगुळीत, बाहेरची नक्षी जशीच्या तशी. आधीच्या गॅरेजनं (नाव नको) दोन्ही लोअर बॉल जॉइंट आणि सगळी बुशं बदलली होती, माल चांगल्या कंपनीचा होता, डबे मी स्वतः आणले होते. वरून "गाडी पुढून बसलीय" म्हणत टॉर्शन बारही आवळून दिले. गाडी दिसायला ताठ झाली. पुढच्या कांद्याच्या आतच टक् आवाज परत हजर. तिथे गेलो तर उत्तर आलं, "रस्ते बघा की मालक."

एका टेम्पोवाल्यानं मग अप्पांकडे पाठवलं.

गॅरेजला पाटी नाही. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड, पुढे एक लिंबाचं झाड, त्याखाली दोन गाड्या मावतील एवढी सिमेंटची सपाट जागा. ही सपाट जागा लक्षात ठेवा, तिचं काम पुढे येतं. अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. सोबत एक पोरगा आहे, तो नात्यातला की शिकाऊ ते मला अजून कळलेलं नाही. गॅरेजचं नाव-पत्ता टाकू का म्हणून विचारलं तर अप्पा म्हणाले, "नका टाकू. गर्दी झाली की घाई होतीय, आणि घाईत हे काम होत नाही." त्यामुळे पत्ता देत नाही. अक्कलकोट रोडला टेम्पो स्टँडवर कुणालाही विचारलं तरी सापडेल.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हातच लावला नाही. हौद्यात सुताच्या पेट्या होत्या. "आधी रिकामी करून आणा. भरल्या गाडीचं मी काय मापू?" दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी त्या सपाट सिमेंटवर उभी केली. त्यांनी चारही टायरांची हवा सारखी करून घेतली आणि टेप काढली. जमिनीपासून लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट किती उंच, बॉल जॉइंट किती उंच, हे डावीकडे, उजवीकडे, खडूनं जमिनीवरच लिहिलं. डावी-उजवीत चांगला अंगठाभर फरक निघाला. मग टॉर्शन बारच्या मागच्या टोकाचा ॲडजस्टिंग बोल्ट दाखवला. एकीकडे आटे किती बाहेर, दुसरीकडे किती. "कुणी आवळलं हे? डोळ्यानं बघून आवळलंय."

इथे त्यांनी सांगितलेली गोष्ट मी तोवर कुणाच्याच तोंडून ऐकली नव्हती. टॉर्शन बार आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. बार तोच, जाडी तीच, लांबी तीच, ताकद तेवढीच. आवळल्यानं फक्त गाडीची उंची वाढते. उंची वाढली की दोन्ही आर्म खाली झुकून उभे राहतात, बॉल जॉइंट कायम तिरका राहतो, आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. मग लहान खड्ड्यात चाक खाली लटकलं की आर्म त्याला खाली जायला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आपटतो. माझा लहान खड्ड्यातला टक् म्हणजे निम्मा तो होता. वर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही जागचे हलतात, टायर आतून खाल्ला जातो. गाडी ताठ दिसते म्हणून मालक खूश.

तपासणीला तास-दीड तास गेला असेल. त्यात तीन गोष्टी मला मोलाच्या वाटल्या. गाडी घेणाऱ्यानं, विशेषतः सेकंडहँड घेणाऱ्यानं, त्या नीट समजून घ्याव्यात.

पहिली, जॅक कुठे लावायचा. बहुतेक गॅरेजवाले चेसीसखाली जॅक लावतात, चाक हवेत लटकतं, दोन्ही हातांनी हलवतात आणि म्हणतात, बॉल जॉइंट ठीक आहे. माझ्या गाडीत टॉर्शन बार लोअर आर्मला जोडलेला आहे, म्हणजे गाडीचं वजन लोअर बॉल जॉइंट पेलतो. चेसीसवर उचलली की बार आर्मला खाली दाबत राहतो आणि झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. अप्पांनी जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या अगदी जवळ लावला. टायर जमिनीपासून दोन बोटं सुटला. पोरानं टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचलली आणि डावा जॉइंट डोळ्यांनी दिसेल एवढा वर-खाली झाला. नवा घालून वर्षही झालं नव्हतं.

दुसरी, ब्रेकची. चाकाला वर आणि खाली धरून हलवल्यावर ढिलाई लागली तर ती बेअरिंगची की बॉल जॉइंटची? पोराला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावला. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग. राहिली तर बॉल जॉइंट. ब्रेकनं हब (चाकाबरोबर फिरणारा भाग) आणि नकल (बॉल जॉइंटवर बसलेला, न फिरणारा भाग) एकमेकांना बांधले जातात, म्हणून हे कळतं. उजवीकडे गेली, डावीकडे राहिली. म्हणजे उजवीकडे बेअरिंग घट्ट करायचं होतं, जॉइंट ठीक होता. आधीच्या गॅरेजात उजवीकडचाही परत बदलायचा म्हणत होते.

तिसरी, स्टेअरिंग. गाडी चाकांवर उभी, पोरगा स्टेअरिंग थोडंसं डावीकडे-उजवीकडे हलवत बसलाय, आणि अप्पा खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवतायत. टाय रॉड एंड, ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा), आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूनं स्टेअरिंगच्या दांड्याला आधार देणारा), स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट. कुठल्या सांध्यात आधी हालचाल होते आणि पुढे पोचायला उशीर होतो ते बोटाला कळतं. माझा आयडलर आर्म गेलेला होता. थरथरीचं मूळ तिथे, आणि ती घालवायला मी तोवर व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालत होतो, कारण बॅलन्सिंगवाले तेच सुचवणार.

आता खरं काम. बुशं.

आर्मचं बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये रबर, आणि ते रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी चेसीसच्या कानांत घट्ट पकडली जाते, फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा मधलं रबर पिळतं आणि परत येतं. फिरण्यासारखं त्यात काहीच नाही, जे काय आहे ते पिळणं. म्हणून गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना नट आवळला, तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत सरळ असतं. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. त्यावर तीस गोण्या कांदा टाकला की आणखी पिळतं, खड्ड्यात आणखी. ते फाटणारच. महागातलं ओरिजिनल घाला, फाटणारच. काढलेली बुशं अप्पांनी मला हातात दिली. सगळी एकाच दिशेनं फाटलेली होती.

अप्पा बुशं प्रेसवर बसवतात, हातोड्यानं ठोकत नाहीत. आर्म जोडतात, नट हातानं लावतात आणि तसेच सोडून देतात. गाडी खाली उतरवतात. पोराला बंपरवर उभं करून चार वेळा दाबायला लावतात, गाडी पुढे-मागे ढकलतात. टेपनं उंची परत मापतात, टॉर्शन बार दोन्हीकडे सारखा आणतात. आणि मग स्वतः खाली शिरून, गाडी आपल्या चाकांवर, आपल्या वजनावर उभी असताना नट आवळतात, टॉर्क रेंचनं. त्यासाठी ती सपाट जागा. खाली जागा अडचणीची, पाना फिरायला जेमतेम वाव. सत्तरीच्या आसपासचा माणूस जमिनीला पाठ लावून हे करतो, आणि ज्यांच्याकडे लिफ्ट आहे, एसी वेटिंग रूम आहे, तिथली तरणी पोरं वर टांगलेल्या गाडीलाच इम्पॅक्ट गन लावून मोकळी होतात. लिफ्टवरही हे करता येतं, आर्मखाली स्टँड लावून वजन आर्मवर घेतलं की झालं. पण सांगितलं कुणी पाहिजे ना.

बॉल जॉइंट काढतानाही फरक आहे. दोन दातांचा काटा घालून ठोकला की जॉइंट सुटतो, पण रबरी बूट फाटतो. बदलायचाच असेल तर ठीक, पण शेजारचा चांगला टाय रॉड एंड काढतानाही लोक तेच हत्यार वापरतात, आणि फाटक्या बुटाचा एंड परत बसवून देतात. आपली काळी माती ओली झाली की काय प्रकार आहे ते इथल्याला सांगायला नको. फाटक्या बुटातून ती एकदा आत गेली की ग्रीसमध्ये मिसळून सांधा घासायला लागते. अप्पांकडे पुलर आहे. नट फिरू नये म्हणून त्यात घालायची स्प्लिट पिन दर वेळी नवी. भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करायचा नाही, पुढेच आवळून जुळवायचा. पोरानं एकदा मागे फिरवला तर त्याला माझ्यादेखत बोलणी बसली, कानडीतून.

माल कुठला घ्यायचा याबद्दल त्यांचा आग्रह नाही, हे मला आवडलं. यादी लिहून देतात, दुकानातून आपण आणायचा. बॉल जॉइंट मात्र निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला मागा म्हणाले. निपल नसलेला सीलबंद जॉइंट वाईट असतो असं नाही, पण आपल्या धुळीत ग्रीस भरता येणारा बरा, आणि भरणारा माणूस पाहिजे. लोकल बुशं त्यांनी परत पाठवली. नखानं दाबून दाखवलं, रबर नळीपासून सुटत होतं.

खर्च : माल साधारण ₹९,०००, त्यात आयडलर आर्म आला. मजुरी ₹३,५००. आधीच्या गॅरेजच्या मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. अलाइनमेंट वेगळं, त्यांच्याकडे मशीन नाही. अलाइनमेंटवाल्याकडे पाठवताना त्यांनी एक चिठ्ठी दिली : आधी दोन-तीनशे किलोमीटर चालवून या, मग करा, फक्त टो करून परत पाठवू नका, कॅम्बर-कॅस्टरचा (कॅस्टर म्हणजे चाक वळायच्या अक्षाचा पुढे-मागे कल) कागद द्या. कागद घेऊन परत गेलो, त्यांनी चष्मा लावून वाचला, डावीकडे अप्पर आर्मच्या मागे एक पातळ शिम (पत्र्याची पट्टी) वाढवली. या फेरीचे पैसे घेतले नाहीत. ढिल्या सांध्यांवर अलाइनमेंट करून काही उपयोग नसतो, हे तर कुणीही सांगेल. पण अलाइनमेंटच्या दुकानात गाडी गेली की आधी सांधे तपासणारा मला तरी दुसरा भेटलेला नाही.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, एक कांदा गेला, तीस हजार किलोमीटरच्या वर गाडी चालली. टक् नाही. टायर दोन्ही कडांना सारखे. मागच्या महिन्यात ग्रीसिंगला गेलो तेव्हा अप्पांनी आर्मखाली जॅक लावून परत टॉमी घातली. हालचाल नाही. बुशांना बॅटरी लावून बघितलं, कुठे भेग नाही.

ग्रीसिंगचं त्यांचं वेड वेगळंच आहे. निपल आधी फडक्यानं पुसायचा, नाहीतर गनचा पहिला दाब बाहेरची धूळच आत ढकलतो. चाक जमिनीवरून उचलायचं, म्हणजे ग्रीस वजनाखालच्या जागेतही शिरतं. बूट किंचित फुगला की थांबायचं, फुटेपर्यंत पंप मारायचा नाही. पावसात पाण्यातून गाडी गेली असेल तर तारखेची वाट बघायची नाही. आणि रबरी बुशांना ग्रीस किंवा जळकं ऑईल अजिबात नाही. आपल्याकडे कर्रकर्र आवाज आला की जळक्या ऑईलचा डबा घेऊन ब्रशनं पाट्यांपासून बुशांपर्यंत सगळं माखायची पद्धत आहे. आवाज आठवडाभर थांबतो. तेलानं रबर फुगून मऊ पडतं आणि पुढच्या सहा महिन्यांचं काम आपणच लावून ठेवतो. वॉशिंग सेंटरवाल्यालाही सांगा, प्रेशरची नळी सांध्यांच्या बुटांवर रोखून धरू नको म्हणून. ऐकणार नाही, तरी सांगा.

रस्त्याला मी निर्दोष सोडत नाही. पण नुकसान कुठे होतं ते बघण्यासारखं आहे. पुणे-हैदराबाद हायवेवर भरली गाडी शांत पळते, सांध्यांना फारसं काही होत नाही. होतं ते शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. हायवे सोडून शेताच्या वाटेला लागलं की बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, उसाच्या डबल ट्रेलरनं दाबून केलेल्या लाटा, आणि गावात शिरताना गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असावा, ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा. आपल्याकडे उंची तेवढी किंवा जास्तच, रुंदी मात्र एका माणसाला आडवं झोपता येईल एवढीही नाही. ब्रेक दाबून ठेवत त्यावर चढलं की गाडीचं नाक आधीच खाली बसलेलं असतं, सस्पेन्शनला वर जायला जागा नसते आणि सगळा मार ठोकळ्यावर आणि बॉल जॉइंटवर येतो. गतिरोधकाच्या आधीच हळू करायचं आणि चढायच्या क्षणी ब्रेक सोडायचा. आमच्या ड्रायव्हरला हे शिकवायला मला अप्पांच्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

डिसेंबर-जानेवारीत यार्डात कांद्याच्या गाड्यांची गर्दी असते तेव्हा दुसरा प्रकार. भरली गाडी जागेवर उभी करून पॉवर स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळायचं. हाताला जड लागत नाही म्हणून कळत नाही, पण टायर जमिनीला चिकटलेला असतो आणि तो घासून फिरवायचा सगळा जोर टाय रॉड आणि आयडलर आर्ममधून जातो. गाडी इंचभर का होईना हलती ठेवून वळवावी.

आणि वजन. दीड टनाच्या गाडीवर पन्नास किलोच्या तीस गोण्या, हा हिशेब शाळेतलं पोरही करेल. व्यापाऱ्याला चाळीस हव्या असतात, पंचेचाळीसही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला ₹२०,००० दंड आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला ₹२,००० वर, हे सांगितलं की तो दुसरी गाडी बघतो. बघू दे. जास्तीच्या भाड्यात बुशं येत नाहीत. माल मागच्या चाकांवर जातो, पुढच्याला काय होणार, असं म्हणणारे भेटतात. हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकून जड माल लावला, वर केबिनच्या कॅरियरवर सळया टाकल्या, तर पुढच्या ॲक्सलवर किती येतं ते एकदा काट्यावर नुसती पुढची चाकं चढवून बघा.

यावरून एक अवांतर. अमेरिकेतल्या हेवी ड्यूटी पिकअपवाल्यांचे व्हिडिओ मी रात्री बघत बसतो, बायको वैतागते. त्यांच्या गाड्या आपल्या दुप्पट. फोर बाय फोरमध्ये पुढे बऱ्याचदा अख्खा ॲक्सल, कॉइल स्प्रिंग, आणि त्यावर सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, जे एकटंच जवळपास ५०० किलोचं असतं. तिथेही रडणं हेच : बॉल जॉइंट लवकर गेले, स्टेअरिंग थरथरतं, ट्रॅक बारचं (ॲक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांड्याचं) बुश गेलं. आणि कारण विचारलं तर मोठे टायर, बाहेर काढलेले रिम, पुढे बर्फ लोटायचं अवजड फावडं. सोलापुरात बर्फ नाही म्हणून आम्ही बंपर गार्ड लावतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरात अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, ते पादचाऱ्यांना धोका म्हणून. पण ॲक्सलच्याही पुढे टांगलेलं ते लोखंड पुढच्या सांध्यांवर वजन टाकतंच. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं लावलेला गार्ड होता, अप्पांनी तो उतरवून घेतल्याशिवाय उंची मापायला नकार दिला. तो भंगारात घालून आलेल्या पैशात स्प्लिट पिना आणि चहा सुटला. बाहेर काढलेल्या रिमचंही तसंच. चाक जेवढं बाहेर, तेवढा बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर पीळ जास्त. यात्रेत भाव खायला बरं दिसतं.

आता गॅरेजच्या तक्रारी. वेळ. दुसरीकडे एका दिवसात होणारं काम इथे तीन दिवस घेतं, आणि गाडी उभी म्हणजे भाडं बुडालं. एका वेळी एकच गाडी उघडतात, मधे कुणी "जरा आवाज ऐका" म्हणत आलं तर उठत नाहीत. फोन उचलत नाहीत. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशेब. ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांच्या कामाचं नाही. बसायला लिंबाखाली एक जुनी बसची सीट आहे, एप्रिल-मेमध्ये तिच्यावर बसवत नाही. सेन्सर, कॉम्प्युटर असलं काही असेल तर ते हात जोडून परत पाठवतात. आणि ग्राहकाला शिकवायची सवय. मला ती आवडते, पण घाईत असलेल्या माणसाला ती लेक्चरबाजी वाटू शकते. एकानं माझ्यासमोर विचारलं, "गॅरंटी किती?" अप्पा म्हणाले, "तुमी गोण्या किती घालणार ते आधी सांगा."

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास तर जाऊच नका. सिद्धेश्वराच्या यात्रेत अप्पा बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात, शेडला कुलूप. यात्रा उरकली तरी चार-आठ दिवस खांदा दुखतो म्हणून टॉर्क रेंच हातात घेत नाहीत, आणि पोराला तो देत नाहीत.

माझ्या दुसऱ्या गाडीचं, पाट्यांवाल्या, काम अजून व्हायचंय. तिला बॉल जॉइंट नाहीत, किंगपिन (चाक ज्यांच्याभोवती वळतं त्या उभ्या पिना) आहेत, आणि स्टेअरिंग जड झालंय. अप्पांनी नुसतं निपलला गन लावून बघितलं. वरच्या बाजूनं ग्रीस बाहेर आलं, खालच्या बाजूनं काहीच नाही. त्यांच्या मते मागच्या वेळी ज्यानं बुश ठोकलं त्यानं बुशातलं भोक निपलच्या भोकाशी जुळवलेलं नाही. म्हणजे ड्रायव्हर नियमानं ग्रीस मारत होता आणि खालचं बुश कोरडंच झिजत होतं. बुशं नवी घालून रीमरनं मापाला आणायची, किंगपिन बदलायचे, थ्रस्ट बेअरिंग बघायचं, पाट्यांचे यू बोल्ट भरल्या गाडीवर परत आवळायचे, असं पान भरून लिहून दिलंय. नंबर लावलाय. तोवर ती गाडी शहरातच, हलक्या मालाला, गाठींना ठेवलीय. कांद्याला एकटी माझी जातेय.